डॉक्समधल्या मोडक्या लिंका: आधी वॉर्निंग वाचा, रेजेक्स नंतर

प्रश्न थोडक्यात असा: पायथनमधली एक मध्यम आकाराची लायब्ररी आहे. तिचं रेफरन्स डॉक्युमेंटेशन स्फिंक्स या डॉक्स बनवणाऱ्या साधनावर बनतं आणि डॉकस्ट्रिंगा (कोडमध्येच लिहिलेली फंक्शन-क्लासची माहिती) वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात लिहिल्या आहेत. त्यामुळे पानांवर कुठे कंस आणि बॅकटिक उघडे पडलेत, कुठे फंक्शनचं नाव नुसतं तिरकं दिसतं पण क्लिक होत नाही, कुठे लिंक चालते पण दोन आवृत्त्या जुन्या पानावर नेऊन सोडते. सोबत युजर गाईडचा मराठी अनुवाद चालू आहे, त्यात आणखी वेगळे घोळ. एक दणदणीत रेजेक्स (मजकूर शोधून बदलायचा नमुना) लिहून सगळं एकदम बदलून टाकावं का?

नको. रेजेक्स लागेल, पण शेवटी आणि थोडं थोडं करून. त्याआधी एक गोष्ट पक्की ठरवा, म्हणजे पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात: रेफरन्स डॉक्समध्ये हाताने लिहिलेले पत्ते होतील तितके कमी ठेवायचे. फंक्शनचं, क्लासचं किंवा विभागाचं नाव लिहायचं. त्या नावाचं पान शोधून काढणं हे बिल्डचं काम. पत्ता चुकला तर वाचकाला कळतं, तुम्हाला नाही. नाव चुकलं तर बिल्ड तुम्हाला सांगू शकतं, फक्त त्याला बोलायची परवानगी द्यावी लागते.

(खाली उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. तुमच्या फाईलींत रोलची आणि फंक्शनची नावं अर्थातच रोमन असतील. चिन्हं मात्र इथे आहेत तशीच. रोल म्हणजे नावाआधी दोन कोलनमध्ये येणारा, ते नाव कशाचं आहे हे सांगणारा शब्द.)

आधी बिल्डला बोलतं करा

स्फिंक्स फार भिडस्त आहे. विभागाचा किंवा पानाचा संदर्भ सापडला नाही तर ते वॉर्निंग देतं, पण पायथनच्या क्लासचा किंवा फंक्शनचा संदर्भ सापडला नाही तर काहीही न बोलता साधा मजकूर छापून पुढे जातं. पानावर अक्षरं कोडसारखी दिसतात, खाली लिंक नसते. बघणाऱ्याला वाटतं, ठीकच आहे. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा गठ्ठा बहुधा हाच निघेल.

स्फिंक्स-बिल्डला ‘-एन’ (स्मॉल) दिलं की निटपिकी मोड चालू होतो आणि प्रत्येक न सापडलेलं नाव वॉर्निंग म्हणून बाहेर येतं. कॅपिटल डब्ल्यू दिला की वॉर्निंग म्हणजे एरर. तो आत्ताच लावू नका, नाहीतर बिल्ड लालच्या लालच राहील आणि दोन दिवसांत कुणीतरी कंटाळून तो काढून टाकेल. आत्ता फक्त ‘-एन’, आणि सोबत स्मॉल डब्ल्यू, म्हणजे वॉर्निंगा फाईलमध्ये जातील.

पहिल्यांदा पूर येतो, घाबरू नका. त्या फाईलमधून फक्त न सापडलेलं नाव काढा, सॉर्ट करा, कोणतं किती वेळा आलंय ते मोजा. तीच ती नावं पुन्हा पुन्हा येत असतात. वरची काही नावं मिटवली की निम्माअधिक आवाज बंद होतो आणि मग खऱ्या चुका दिसायला लागतात. ओळीओळीने वरून खाली दुरुस्त करत बसू नका. त्यात आठवडा जातो आणि यादी आहे तेवढीच वाटते.

मोजणीत वर काय येतं हे साधारण ठरलेलं आहे. नमपाय शैलीच्या डॉकस्ट्रिंगांत प्रकाराच्या जागी ‘पूर्णांक, ऐच्छिक’ अशा थाटाचं काहीतरी लिहिलेलं असतं आणि ‘ऐच्छिक’ हा कुठला तरी क्लास आहे असं समजून स्फिंक्स तो शोधत बसतं. टाइप व्हेरिएबल असतात, त्यांचं स्वतःचं पान नसतं. दुसऱ्या लायब्ररीचे क्लास असतात. हे तिन्ही प्रश्न कॉन्फिगमध्येच सुटतात, डॉकस्ट्रिंगांना हात लावायचा नाही. नेपोलियन (अशा शैलीच्या डॉकस्ट्रिंगा वाचणारं स्फिंक्सचं एक्स्टेन्शन) वापरत असाल तर त्यात प्रकारांची टोपणनावं द्यायची सोय आहे. दुसऱ्या लायब्ररीसाठी इंटरस्फिंक्स आहे: स्फिंक्सवर बनलेली प्रत्येक साइट ‘ऑब्जेक्ट्स डॉट आयएनव्ही’ नावाची एक सूची सोबत ठेवते, तिच्यात त्या डॉक्समधलं प्रत्येक नाव आणि त्याचं पान असतं. तुमचं बिल्ड ती सूची उतरवून घेतं आणि मग तुम्ही पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या एखाद्या एक्सेप्शनचं नाव नुसतं लिहिलंत तरी लिंक लागते. नाव बरोबर असूनही लागत नसेल तर अंदाज बांधत बसू नका. इंटरस्फिंक्सचं मॉड्यूल कमांड लाइनवरून चालवून त्याला ती सूची द्या, सगळी नावं छापून येतील. नाव तिथे नेमकं कसं नोंदलंय ते डोळ्यांनी बघा.

तुमच्याच क्लासची लिंक तुमच्याच डॉक्समध्ये का लागत नाही

यावर जरा थांबतो, कारण लोक इथे सगळ्यात जास्त वेळ घालवतात.

समजा क्लास लिहिलाय एका आतल्या, अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या मॉड्यूलमध्ये, आणि पॅकेजच्या मुख्य फाईलने तो वर आणून दिलाय. वापरणारा ‘पॅकेज डॉट क्लास’ असं लिहितो. डॉकस्ट्रिंगमध्येही लोक तेच लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण ऑटोडॉकला (डॉकस्ट्रिंगा उचलून पानांवर आणणाऱ्या स्फिंक्सच्या एक्स्टेन्शनला) तुम्ही आतलं मॉड्यूल दाखवलं असेल तर नोंद होते ‘पॅकेज डॉट आतलं-मॉड्यूल डॉट क्लास’ अशी. दोन्ही एकच वस्तू असल्याचं पायथनला माहीत आहे, स्फिंक्सला नाही. ते अक्षरं जुळवतं.

इथे मोह होतो की सगळ्या डॉकस्ट्रिंगांत आतला लांबलचक मार्ग लिहावा आणि पुढे टिल्ड लावून शेवटचा भागच दाखवावा. लिंक लागेल, वॉर्निंग जाईल. पण उद्या कुणी ते आतलं मॉड्यूल हलवलं की सगळं पुन्हा मुळापासून. शिवाय कन्सोलवर मदत मागणाऱ्याला तोच आतला मार्ग दिसतो, आणि तो तसाच इम्पोर्ट करायला लागतो. उलट करा. क्लासचं डॉक्युमेंटेशन सार्वजनिक नावाखाली नोंदवा. मूळ जागाही ओळखली जावी असं वाटत असेल तर ‘कॅनॉनिकल’ हा पर्याय स्फिंक्स ४.० पासून आहे. एकदा हे केलं की डॉकस्ट्रिंगांत लोकांनी सहज लिहिलेली नावंच बरोबर ठरतात.

कंस आणि बॅकटिक उघडे पडतात ते

याची मूळ कारणं दोनच, आणि दोन्ही मार्कडाउनच्या सवयीतून येतात. मार्कडाउन २००४ पासून आहे, आज बहुतेकांचे हात त्याच्यावरच बसलेले असतात. स्फिंक्सची मूळ भाषा मात्र रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट.

    [कनेक्शन उघडणे](पत्ता)
    `कनेक्शन उघडणे <पत्ता>`__

वरची ओळ मार्कडाउनची, खालची रीस्ट्रक्चर्डटेक्स्टची. वरची ओळ डॉकस्ट्रिंगमध्ये गेली तर रीस्ट्रक्चर्डटेक्स्टच्या दृष्टीने तो निव्वळ मजकूर आहे, म्हणून एकही वॉर्निंग येत नाही. निटपिकी मोडही इथे काही करू शकत नाही.

खालच्या ओळीत तीन जागी पाय घसरतो. टोकदार कंसाच्या आधीची मोकळी जागा द्यायची राहिली, तर कंसासकट सगळा मजकूर हेच एक नाव समजलं जातं आणि असं टार्गेट नाही म्हणून तक्रार येते. शेवटचे अंडरस्कोर द्यायचे राहिले तर तक्रारही येत नाही. पत्त्यासकट सगळं तिरक्या अक्षरांत छापलं जातं. आणि दोनऐवजी एकच अंडरस्कोर दिला तर लिंक लागते, पण तो मजकूर त्या पानापुरतं एक नाव बनतो. त्याच पानावर तोच मजकूर वेगळ्या पत्त्यासह पुन्हा आला की ‘डुप्लिकेट एक्स्प्लिसिट टार्गेट नेम’. बऱ्याच डॉकस्ट्रिंगा मिळून एक पान बनतं तिथे हे हमखास होतं, कारण ‘अधिक माहिती’ असा मजकूर प्रत्येकाला सुचतो. डॉकस्ट्रिंगमध्ये डोळे मिटून दोन अंडरस्कोर वापरा.

दुसरं कारण एकेरी बॅकटिक. मार्कडाउनमध्ये एकेरी म्हणजे कोड. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये कोडसाठी दुहेरी लागतात. एकेरीचा अर्थ ठरतो डीफॉल्ट रोलवरून, आणि तो ठरवलेला नसेल तर मजकूर फक्त तिरका होतो. तुमची ‘तिरकी पण क्लिक न होणारी’ नावं ती हीच. यावर एक चांगली युक्ती आहे: कॉन्फिगमध्ये डीफॉल्ट रोल ‘एनी’ करा आणि बिल्ड चालवा. आता प्रत्येक एकेरी बॅकटिकमधलं नाव शोधलं जाईल आणि सापडलं नाही तर वॉर्निंग येईल. जी सापडतात त्यांच्या लिंका फुकटात झाल्या. उरलेल्यांत बहुतेक पॅरामीटरची नावं आणि व्हॅल्यू असतात, त्यांना दुहेरी बॅकटिक करायचे. हा रोल कायमचा ठेवावा की नाही यावर मतं वेगळी आहेत. माझ्या मते नव्या प्रकल्पात ठेवावा, जुन्यात सफाईपुरता.

पण वॉर्निंग न देणारे प्रकार शोधायचे कसे? सोर्समध्ये नाही, बनलेल्या एचटीएमएलमध्ये शोधा. ही गोष्ट फार थोडे लोक करतात आणि ती सगळ्यात उपयोगी आहे. सोर्समध्ये चौकोनी कंस बंद होऊन लगेच गोल कंस सुरू होतो अशा जागा शोधल्या तर असलं काहीबाही हाती लागतं:

    हँडलर[०](इव्हेंट)

हा कोड आहे: यादीतलं पहिलं फंक्शन काढलं आणि कॉल केलं. तुमच्या रेजेक्सला मात्र ही ठसठशीत मार्कडाउन लिंक वाटेल. एचटीएमएलमध्ये कोडचे भाग वेगळ्या टॅगमध्ये असतात. ते टॅग काढून टाका, उरलेल्या मजकुरात कंसांची ती जोडी शोधा, उरलेला बॅकटिक शोधा, दोन कोलनमध्ये अडकलेलं रोलचं नाव शोधा. जे सापडेल ते वाचकाला उघडं दिसतंय हे नक्की, आणि तीच तुमची खरी यादी.

कोडच्या अक्षरांत लिंक

मार्कडाउनमध्ये हे सोपं आहे: बॅकटिक चौकोनी कंसाच्या आत. उलटं केलं, म्हणजे अख्खी लिंक बॅकटिकमध्ये घातली, की ती मेली. कोडचं चिन्ह कंसापेक्षा घट्ट बांधलेलं असतं आणि आतलं सगळं जसंच्या तसं छापलं जातं.

रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये ओळीतल्या एका चिन्हात दुसरं चिन्ह बसत नाही. लिंकच्या मजकुरात दुहेरी बॅकटिक घालायचा प्रयत्न किती वेळा केलात तरी होणार नाही. स्फिंक्सच्या फंक्शन-क्लासच्या रोलांना मुळातच कोडची अक्षरं मिळतात, म्हणून नाव लिहिलंत तर हा प्रश्नच येत नाही. बाहेरच्या, सूची नसलेल्या साइटवरच्या एखाद्या कमांडला कोडच्या अक्षरांत लिंक हवीच असेल तर सब्स्टिट्यूशनचा आडमार्ग आहे:

    |साधन|_

    .. |साधन| replace:: ``साधन``
    .. _साधन: पत्ता

(मधला शब्द डिरेक्टिव्हचा, तो तसाच रोमन लिहावा लागतो.) चालतं, पण एका नावासाठी दोन जादा ओळी. मी सहसा साध्या अक्षरांतली लिंक देऊन पुढे जाईन.

आणि प्रत्येक उल्लेखाला लिंक हवी असं नाही. परत मिळणारा प्रकार, उडणारी एक्सेप्शन, ‘हेही पाहा’चा भाग, इथे नेहमी द्या. परिच्छेदात पहिल्या उल्लेखाला द्या, पुढे साधा कोड पुरतो. फंक्शनच्या स्वतःच्या पानावर स्वतःचीच लिंक तर नकोच. उद्गारचिन्ह आधी लावलं की रोल तसाच राहतो आणि लिंक लागत नाही. लिंकचा मजकूर ‘इथे’ किंवा ‘हे’ ठेवू नका. स्क्रीन रीडर वापरणारे पानावरच्या लिंकांची यादी काढून ऐकतात. त्या यादीत वीस वेळा ‘इथे’ आलं तर काय कळणार? नाव लिहायची सवय लागली की हेही आपसूक सुधारतं.

मराठी अनुवादातले घोळ

आपल्याकडे विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतो, आणि रीस्ट्रक्चर्डटेक्स्टला तेच चालत नाही. बंद होणाऱ्या चिन्हानंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्हच लागतं.

    :फंक:`उघडा`ला कॉल केल्यावर :फंक:`मिटवा` विसरू नका
    :फंक:`उघडा`\ ला कॉल केल्यावर :फंक:`मिटवा` विसरू नका

पहिल्या ओळीत ‘ला’ चिकटल्यामुळे तो बॅकटिक बंद झालाय असं धरलंच जात नाही. पार्सर पुढचा चालण्यासारखा बॅकटिक शोधतो आणि मधलं अर्धं वाक्य गिळतो. त्याच परिच्छेदात तसा बॅकटिक नसेल तर निदान ‘सुरुवात आहे, शेवट नाही’ अशी वॉर्निंग तरी येते. दुसऱ्या ओळीतली उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढची मोकळी जागा, दोन्ही छापताना नाहीशा होतात आणि ‘ला’ चिकटून येतो. हेच डॉकस्ट्रिंगमध्ये करायचं तर ती रॉ स्ट्रिंग हवी, म्हणजे अवतरणचिन्हांच्या आधी आर. नाहीतर पायथन ती तिरकी रेघ एस्केप समजतं आणि ३.१२ पासून सिंटॅक्स वॉर्निंग देतं. डॉकयुटिल्समध्ये (स्फिंक्सच्या पोटातला रीस्ट्रक्चर्डटेक्स्टचा पार्सर) अक्षरपातळीवर चिन्हं ओळखण्याचं एक सेटिंग आहे, पण ते लावलं की नावांमधले अंडरस्कोर भलत्याच जागी चिन्ह म्हणून धरले जाण्याची भीती असते. मी अनुवादकांना तिरकी रेघच शिकवेन. किंवा वाक्य फिरवा: ‘उघडा हे फंक्शन कॉल केल्यावर’. पुष्कळदा ते वाचायलाही बरं लागतं.

मार्कडाउनमध्ये कंसाच्या लिंकेला प्रत्यय चिकटवा, काही होत नाही. उघडा पत्ता लिहून त्याला ‘वर’ चिकटवलं तर मात्र गिटहबच्या मार्कडाउनमध्ये तो ‘वर’ही पत्त्याचाच भाग होतो, कारण पत्ता मोकळी जागा येईपर्यंत धरला जातो. शेवटचा पूर्णविराम तो शहाणपणाने वगळतो, प्रत्यय नाही. पत्ता टोकदार कंसात घाला. पत्त्यांचं व्याकरण सांगणाऱ्या २००५ च्या आरएफसी ३९८६ मध्येही मजकुरातला पत्ता वेगळा काढायला हेच कंस सुचवले आहेत.

मग येतात मथळ्यांचे अँकर. इंग्रजी मथळ्यावरून साधन आपोआप आयडी बनवतं, लोक ती कॉपी करून लिंक देतात, आणि चालतं. मराठी मथळ्याचं काय होतं ते साधनागणिक वेगळं. डॉकयुटिल्स आयडीमधून आस्कीबाहेरची अक्षरं काढून टाकतं; मराठी मथळ्यात मग काहीच उरत नाही, म्हणून ‘आयडी१’, ‘आयडी२’ असे क्रमांक पडतात. मध्ये एक नवा विभाग घातला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि जुन्या लिंका शेजारच्याच विभागात जाऊन पडतात. ४०४ नाही, वॉर्निंग नाही. एमकेडॉक्स या मार्कडाउनवरून डॉक्स बनवणाऱ्या साधनाच्या पोटात असलेल्या पायथन-मार्कडाउनचंही मूळ वागणं असंच: अंडरस्कोर आणि क्रमांक. त्यात युनिकोड स्लगचा, म्हणजे आयडीत आस्कीबाहेरची अक्षरं ठेवण्याचा, पर्याय आहे, पण तो लावून बघा: ‘दुवे दुरुस्ती’ या मथळ्याचं ‘दव-दरसत’ होतं. पायथनच्या रेजेक्समध्ये शब्दातलं अक्षर म्हणून मात्रा, उकार आणि हलन्त धरले जात नाहीत, त्यामुळे ते गाळले जातात.

उपाय एकच आणि तो सगळीकडे चालतो: ज्या विभागाला लिंक द्यायची त्याला स्वतःच्या हाताने रोमन आयडी द्या. स्फिंक्समध्ये मथळ्याच्या वर लेबल, एमकेडॉक्समध्ये मथळ्यापुढे महिरपी कंसात. अनुवादात मूळ इंग्रजी पानाचीच आयडी ठेवलीत तर दोन्ही भाषांतल्या लिंका समांतर राहतात. देवनागरी आयडी तांत्रिकदृष्ट्या चालते, पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटांचं आणि प्रत्येक बाइट पत्त्यात टक्केचिन्हासह तीन अक्षरांचा, म्हणजे एका मात्रेलाही नऊ अक्षरं. कॉपी केलेली लिंक पाहून कुणालाही धडकी भरते.

विभागाचं नाव बदलताना जुनं लेबलही वर तसंच ठेवा; स्फिंक्समध्ये एका मथळ्याला एकावर एक कितीही लेबलं चालतात. अँकरसाठी सर्व्हरवर रीडायरेक्ट लावता येत नाही, कारण हॅशच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही.

स्वतःच्याच साइटचे हाताने लिहिलेले पत्ते

दोन आवृत्त्या जुन्या पानावर नेणाऱ्या लिंका इथून येतात. कुणीतरी ब्राउझरमधून पूर्ण पत्ता उचलला, त्यात आवृत्तीचा आकडा होता, तो डॉकस्ट्रिंगमध्ये कायमचा बसला. स्फिंक्सच्या लिंकचेकला (लिंका उघडून तपासणाऱ्या बिल्डरला) ती लिंक ठणठणीत वाटते, कारण जुनं पान अजून जागेवर आहे. स्वतःच्या साइटचं नाव सोर्समध्ये शोधा आणि सापडेल तिथे त्याचं लेबल किंवा रोल करा. या एका शोधातून जितकी सफाई होते तितकी कशातूनच होत नाही.

सापेक्ष पत्त्यांचाही भरवसा धरू नका. ‘मार्गदर्शक’ या पत्त्यावरून आणि ‘मार्गदर्शक/’ या पत्त्यावरून दिलेली तीच सापेक्ष लिंक दोन वेगळ्या जागी जाते, कारण पत्ता जुळवताना शेवटच्या तिरक्या रेघेच्या पुढचा भाग टाकून दिला जातो. बिल्डची पद्धत बदलून पानांच्या फाईलींऐवजी फोल्डर केलेत की अशा लिंका एकगठ्ठा तुटतात. फाईलच्या नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरंही बघा: विंडोज आणि मॅकवर सहसा फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरवर ४०४.

बाहेरच्या लिंका

लिंकचेक बिल्डर चालवा, पण प्रत्येक पुल रिक्वेस्टवर नको. दुसऱ्याचा सर्व्हर झोपला म्हणून तुमच्याकडे स्वल्पविराम सुधारणाऱ्याचं काम अडावं, हे बरोबर नाही. आठवड्यातून एकदा वेगळं चालवा आणि निकाल माणसाने वाचावा. ४२९ म्हणजे तुम्ही फार वेगाने विचारताय. ४०३ पुष्कळदा फक्त बॉटला मिळतो, ब्राउझरला नाही. या दोन्हींवरून लिंक काढून टाकू नका. ४१० म्हणजे मात्र पान जाणूनबुजून काढलंय.

रीडायरेक्ट दिसला की पत्ता बदलून टाकणाऱ्या स्क्रिप्टा फिरत असतात, त्यांच्यापासून जपून. ३०१ आणि ३०८ कायमचे, ते बदला. ३०२ आणि ३०७ तात्पुरते. ‘नवीनतम’ या पत्त्यावरून आजच्या आवृत्तीकडे नेणारा रीडायरेक्ट सहसा याच जातीचा असतो, आणि तो बदललात तर तुम्ही स्वतःच लिंक आजच्या आवृत्तीला खिळवून टाकता. लॉगिनच्या पानावर नेणारे रीडायरेक्टही शेवटी २०० देतात आणि स्क्रिप्ट खुशाल लॉगिनचा पत्ता डॉक्समध्ये भरते. शोधनिबंधांना डीओआयचा (निबंधाच्या कायमच्या ओळखक्रमांकाचा) पत्ता द्या, प्रकाशकाच्या पानाचा नको.

आता रेजेक्स

एवढं झाल्यावर उरतं ते खरोखर यांत्रिक असतं. एका कमिटमध्ये एकच प्रकारचा बदल: मार्कडाउन लिंकांचा एक, एकेरी बॅकटिकांचा एक, अंडरस्कोरांचा एक. पॅनडॉक या एका भाषेतून दुसरीत रूपांतर करणाऱ्या साधनातून अख्खी फाईल फिरवून आणण्याचा विचार सोडा. ते दर ओळ नव्याने मांडतं आणि स्फिंक्सचे रोल त्याच्या ओळखीचे नसतात, मग तपासणाऱ्याला खरा बदल दिसतच नाही.

तपासणीसाठी सोर्सचा डिफ पुरत नाही. बदलाआधी आणि बदलानंतर दोन्ही वेळा बिल्ड करा, प्रत्येक पानातून सगळ्या लिंकांचे पत्ते आणि मजकूर काढा, पानाच्या नावासह सॉर्ट करा, दोन याद्यांचा डिफ घ्या. बॅकटिकांच्या कमिटमध्ये एखादी जुनी लिंक नाहीशी झालेली दिसली तर काहीतरी चुकलंय. मार्कडाउनच्या कमिटमध्ये नव्या लिंका वाढलेल्या दिसायला हव्यात आणि बाकी काही हलायला नको. हा डिफ शेकडो फाईलींच्या बदलाचाही पाच मिनिटांत वाचून होतो. मोठे यांत्रिक कमिट झाले की त्यांचे हॅश एका फाईलमध्ये ठेवून गिटच्या ब्लेममधून (कोणती ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडमधून) वगळा, गिट २.२३ पासून ती सोय आहे. नाहीतर पुढची कित्येक वर्षं प्रत्येक ओळ तुमच्या नावावर दिसेल.

एक सांभाळा: डॉकस्ट्रिंग पानावर जितकी वाचली जाते तितकीच एडिटरच्या चौकटीत आणि कन्सोलवर वाचली जाते, आणि तिथे चिन्हं उघडीच असतात. एका वाक्यात चार रोल आणि प्रत्येकात टिल्डसकट लांब मार्ग, असं लिहिलंत तर पान सुंदर होईल आणि कन्सोलवर वाचणारा वैतागेल. अशा जागी वाक्यात साधं नाव लिहून लिंक ‘हेही पाहा’मध्ये द्यावी.

पायथनबाहेर असाल तर साधनं वेगळी, दिशा तीच. जावाडॉकमध्ये महिरपी कंसातला लिंक टॅग, सदस्याच्या आधी हॅश. ओव्हरलोड असेल तर पॅरामीटरचे प्रकारही लिहा. जावा ८ पासूनचं डॉकलिंट चुकलेला संदर्भ एरर म्हणून पकडतं, ते बंद करून ठेवलं असेल तर चालू करा. रस्टमध्ये १.४८ पासून चौकोनी कंसात नुसतं नाव लिहिलं की रस्टडॉक पान शोधतं, आणि तुटलेल्या नावांसाठी लिंट (वॉर्निंग देणारी तपासणी) आहे. डॉक्सिजेनची अडचण उलटी: ते नको तिथेही लिंक लावतं, तेव्हा शब्दाआधी टक्केचिन्ह.

यादी शून्यावर आली की त्याच दिवशी ‘-एन’ आणि कॅपिटल डब्ल्यू दोन्ही सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) लावा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. जुनी स्फिंक्स असेल तर सोबत ‘कीप-गोइंग’ही द्या, नाहीतर ते पहिल्याच वॉर्निंगला थांबतं आणि लेखकाला एकेक चूक सुधारून पुन्हा पुन्हा बिल्ड करावं लागतं. शून्यावर येतच नसेल तर उरलेली नावं ‘निटपिक इग्नोअर’च्या यादीत घाला आणि प्रत्येकाशेजारी कमेंटमध्ये कारण लिहा: टाइप व्हेरिएबल आहे, त्या लायब्ररीची सूची मिळत नाही, वगैरे. कारण नसलेलं नाव रिव्ह्यूमध्ये परत पाठवायचं.